मामाजींचं गप्प होणं

"आजोबा नेहमीच असे शांत असतात का?"

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, एका तरुण डॉक्टरांनी हे विचारलं. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा होता. दिवसभर तापलेल्या भिंती अजून आच सोडत होत्या आणि कोपऱ्यातला कूलर गरम, ओलसर हवा फेकत होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. विचारलं की उत्तर देत, पण एका शब्दात, तेही जरा थांबून. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मग विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" मामाजी म्हणाले, "बाजार." डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मी पुढे होऊन सांगितलं की आमच्या गावचा बाजार बुधवारी भरतो, आणि आज बुधवारच आहे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, लिहिलेलं खोडलं आणि मग तो प्रश्न विचारला. हे म्हणाले, "हो, वय झालं आता. आई गेल्यापासून कमीच बोलतात." त्याच क्षणी मी म्हणाले, "नाही हो, खूप बोलतात." डॉक्टर पेन हातात धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले.

दोन्ही उत्तरं खरी होती.

सासूबाई गेल्या त्यानंतर मामाजी घरात कमी बोलायला लागले हे खरंच आहे. हे सकाळी सातला कामावर निघतात ते रात्री येतात, तेव्हा मामाजी जेवून अंगणातल्या बाजेवर पडलेले असतात. त्यांना दिसतात ते तसे. मी दुपारी शाळेतून परत येते तेव्हा मामाजी ओट्यावर बसलेले असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एकाही माणसाला विचारपूस केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. कोणाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, किती फुटावर, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कापसाचा भाव यवतमाळला काय निघाला आणि हिंगणघाटला काय. मला दिसतात ते असे. डॉक्टरांना हवं होतं ते आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. त्यांना असा कोणीतरी हवा होता, ज्याने मामाजींना महिन्याभरापूर्वी पाहिलंय, वर्षापूर्वी पाहिलंय, दहा वर्षांपूर्वी पाहिलंय, आणि ते डॉक्टरच्या नजरेने पाहिलंय. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. त्या मुलाने अगदी नेमकं विचारलं होतं.

मेंदूचा सीटी स्कॅन झाला. लकवा नाही, रक्तस्राव नाही. साखर ठीक, ताप नाही. पहाटे रक्ताचा रिपोर्ट आला त्यात सोडियम 118 निघालं. ते 135 ते 145 च्या दरम्यान असावं लागतं. इतकं उतरलं की मेंदू मंदावतो, माणूस गप्प होतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या कोणत्या चालू आहेत त्या सगळ्या दाखवा. मी साडीच्या दुकानाची पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. त्यांनी एकेक पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली आणि दोन पट्ट्या बाजूला काढल्या. एक तालुक्याच्या डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेली. दुसरी मागच्या हिवाळ्यात छातीत धडधड झाली म्हणून हृदयाच्या तज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी दिलेली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, एक गोळी गुलाबी, एक पांढरी. पण एकीत बीपीच्या औषधासोबत क्लोरथॅलिडोन होतं आणि दुसरीत हायड्रोक्लोरोथायझाइड. दोन्ही एकाच कुळातली, लघवी वाढवून बीपी उतरवणारी, आणि तसं करताना शरीरातलं सोडियमही काढून नेणारी. मामाजी रोज सकाळी चहाबरोबर दोन्ही गोळ्या न चुकता घेत होते. शिवाय कोणीतरी मीठ कमी करा म्हणून सांगितलेलं, तेही ते तंतोतंत पाळत होते. त्यात मे महिन्याचा घाम, आणि वरून तांब्यावर तांब्या पाणी.

तालुक्याचे डॉक्टर बरोबर होते, हृदयाचे तज्ज्ञ बरोबर होते, मीठ कमी करा म्हणणाराही बरोबर होता.

सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते, असं त्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. दोन-तीन दिवस गेले. एका सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते तर मामाजी म्हणाले, "म्हशीले पाणी दाखवलं काय बाई?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं. घरी येताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. कळंब मागे गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब असते तर हे झालंच नसतं."

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या भागात ज्यांची वयं चाळिशीच्या पुढची आहेत, त्यांना डॉक्टरसाहेब म्हटलं की एकच माणूस आठवतो. आमच्याच गावी, पोस्टाच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. मी लग्न होऊन आले तेव्हा काचेच्या सिरिंज स्टोव्हवर उकळण्याचे दिवस संपत आले होते, पण तो वास भिंतींत मुरलेला होता. स्पिरिटचा, उकळत्या पाण्याचा, आणि कंपाउंडरकाका बाटलीत भरून द्यायचे त्या लाल मिक्सचरचा. बाटलीवर कातरीने खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. बाहेरच्या बाकावर बाजाराच्या दिवशी जागा मिळत नसे. माणसं उकिडवी बसायची, बाया पदरानं वारा घेत भिंतीला टेकायच्या. डॉक्टरसाहेब आतून नावाने हाक मारत नसत. ते मान बाहेर काढून म्हणायचे, "ये बाप्पा, तुझा खोकला ऐकला मी आतूनच."

त्यांच्या टेबलावर लांबोळक्या, लाल पुठ्ठ्याच्या वह्या असत. एका कुटुंबाला एक पान. आमच्या पानावर आजेसासऱ्यांपासूनची नोंद होती. आजेसासरे कशाने गेले, सासूबाईंच्या कोणत्या बाळंतपणात किती रक्त गेलं, नणंदेला पेनिसिलिन सोसलं नव्हतं, माझ्या मोठ्या मुलाला तापात झटका आला होता. मजकूर फार नसे. एक तारीख, दोन-तीन शब्द, कधी नुसती रेघ. ती रेघ म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत.

आणि दरवर्षी गुढीपाडवा झाला की मामाजींची फेरी ठरलेली. बीपी पाहायचं, पायावर अंगठा दाबून सूज आहे का बघायचं, आणि म्हणायचं, "ऊन लागलं पाटील. ही गोळी आता मिरगापर्यंत अर्धी." मिरग निघाला, पहिला पाऊस पडून गेला की पुन्हा पूर्ण. हे मामाजींपुरतं होतं. शेजारच्या काकाजींच्या गोळीला त्यांनी कधी हात लावला नाही, कारण त्यांचं दुखणं वेगळं होतं. आम्ही ती अर्धी गोळी रीत म्हणून पाळत होतो. ती कशासाठी होती ते मला त्या पहाटे सोडियमचा आकडा पाहिल्यावर कळलं.

मामाजींना मी एकदा विचारलं होतं, तालुक्याला शिकलेले, मशिनी असलेले डॉक्टर आलेत, तरी तुम्ही यांच्याकडेच का जाता? ते म्हणाले, "आपला बैल एक दिवस कडबा कमी खाते, तं आपल्याले गोठ्यात पाय ठेवल्याबरोबर समजते. बाजारातल्या माणसाले तो बैल चांगलाच दिसन."

ओळखीच्या डॉक्टरची किंमत आपण बहुतेक त्याने काय केलं यावर लावतो. अचूक निदान, हाताला गुण, रात्री दोन वाजता सायकलवर येणं. मला आता वाटतं, त्यांनी काय केलं नाही याचा हिशेब जास्त मोठा असावा. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत गावातली निम्मी पोरं पोट दुखतं म्हणून यायची. ते पोटाला हात लावून, दोन प्रश्न विचारून घरी पाठवायचे. "उद्या सकाळी पुन्हा दाखव," असं सांगायचे. हे वाक्य फक्त तोच डॉक्टर बोलू शकतो, जो उद्या सकाळी तिथे असणार आहे आणि ज्याला माहीत आहे की हे पोर आणि त्याची माय उद्या नक्की येतील. अपेंडिक्स असेल तर रात्रीतून दुखणं उजवीकडे सरकेल, नसेल तर पोरगं सकाळी भाकर मागेल. थांबून पाहणं हीसुद्धा एक तपासणी आहे, आणि तिला मशिन लागत नाही, ओळख लागते. शहरातल्या अपघात विभागातला डॉक्टर असं थांबू शकत नाही. समोरचा माणूस पुन्हा दिसेल की नाही याची त्याला खात्री नसते. म्हणून त्याला जे काय करायचं ते सगळं आज रात्रीच करावं लागतं. मामाजींचा स्कॅन त्यांनी केला तो योग्यच केला. त्यांच्या जागी दुसरं काही करताच आलं नसतं.

फवारणीच्या दिवसांत तर हा फरक जिवावर येतो. 2017 च्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली. शेकडो दवाखान्यात होती, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, फवारा चेहऱ्यावर उलटून येत होता. मळमळ, डोकेदुखी, घाम, धूसर दिसणं. अनोळखी ठिकाणी असा माणूस गेला तर ताप असेल, पित्त असेल, ऊन लागलं असेल, असं वाटू शकतं. डॉक्टरसाहेबांना कोण शेतमालक आहे, कोण रोजाने पंप पाठीवर घेतो आणि कोण दोन्ही नाही, हे पाठ होतं. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पंप कोणाच्या वावरात मारला?" आणि दुसरा, "आंघोळ केली का?" उत्तर येईपर्यंत ते डोळ्यांच्या बाहुल्या बघून झालेले असत. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तोंडाला लाळ सुटली असेल, तर ते अॅट्रोपिनचं, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन भरता भरताच कंपाउंडरकाकांना गाडी बोलवायला सांगत.

सिकलसेलचंही, म्हणजे रक्ताच्या त्या पिढीजात आजाराचंही, तसंच. आमच्याकडे कोणत्या वस्तीत तो आजार किती आहे हे ते घराघरासकट जाणून होते. लहान लेकराच्या हाता-पायांची बोटं सुजलेली दिसली की ते मुका मार म्हणून सोडून देत नसत. नदी ओलांडून सेवाग्रामला तपासणीला पाठवत. माझ्या वर्गात एक मुलगी होती. थंडी पडली की महिन्यातून चार-पाच दिवस शाळेत यायची नाही, हातपाय दुखतात म्हणायची. घरचे म्हणायचे, अभ्यासाचा कंटाळा. डॉक्टरसाहेबांनी तिच्या मामाचं पान काढलं, आजीचं पान काढलं, आणि तिच्या बापाला जवळ बसवून सांगितलं की ही कंटाळा करत नाही, हिच्या रक्तात दुखणं आहे. आता सिकलसेलसाठी 2023 पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, गावोगाव तपासण्या होतात, कार्डं मिळतात. हे फार मोठं काम आहे. पण कार्ड मिळाल्यावर थंडीत पाणी जास्त पी, ताप आला तर अंगावर काढू नको, हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद करू नको, लग्न ठरवताना समोरच्याची तपासणी कर, हे त्या पोरीला दरवर्षी, तिच्या वयाला समजेल असं, कोण सांगणार?

त्यांचं सगळंच मला पटत होतं असं नाही. सलाईनचं मुळीच पटत नव्हतं. सोयाबीनची सवंगणी असो की कापसाची वेचणी, अंगात ताकद राहिली नाही म्हणून माणसं येत आणि सलाईन लावून मागत. ते कित्येकदा लावून देत. मी एकदा त्यांच्याशी यावरून वाद घातला. ते म्हणाले, "मी नाही लावलं तर तो बाजूच्या गावी जाऊन लावून घेईल, आणि तिथली सुई कशी आहे ते मला माहीत नाही." मला ते उत्तर तेव्हाही पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. मजुरीचे पैसे त्या बाटलीत जात होते. पोटभर भात-वरण जास्त उपयोगी पडलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

आणि दुसरं एक आहे, ते बायांनाच माहीत. सगळ्या गावाला ओळखणारा डॉक्टर म्हणजे आपल्या सासऱ्यालाही ओळखणारा डॉक्टर. मामाजी त्यांच्यासोबत संध्याकाळी पानठेल्यावर उभे राहत. माझ्या तोंडून त्यांच्यासमोर पाळीचं दुखणं कधी निघालं नाही, अंगावरून पांढरं जाण्याचं तर नाहीच. गर्भ राहू नये म्हणून काय करायचं, नवरा मारतो तर कोणाला सांगायचं, असल्या गोष्टी घेऊन गावातल्या बाया उपकेंद्राच्या सिस्टरबाईंकडे जात. त्या एएनएम, म्हणजे सरकारी नर्स, आमच्या उपकेंद्रात इतकी वर्षं राहिल्या की ज्या पोरी त्यांच्या हातावर जन्मल्या, त्यांचीच बाळंतपणं त्यांनी नंतर केली. त्यांच्या खोलीत पडदा होता आणि त्या पडद्याआड बोललेलं पडद्याआडच राहायचं. ओळख पुरेशी नाही, ओळखीला विश्वासाची जोड लागते, आणि बाईला तो विश्वास पुरुष डॉक्टरपाशी दरवेळी मिळत नाही. डॉक्टरसाहेबांना हे कळत होतं. अशी काही शंका आली की ते चिठ्ठीवर काही न लिहिता म्हणत, "एकदा सिस्टरबाईंना भेटून घे."

कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला. वय झालं होतं, मुलगा नागपूरला घेऊन गेला. वाडा विकला गेला, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. त्या वह्यांचं काय झालं हे मी कंपाउंडरकाकांना विचारलं होतं. काही त्यांच्याकडे आहेत, काही वाळवीने खाल्ल्या. आमचं पान मिळालं. मिळून उपयोग नव्हता, कारण रेघांचा अर्थ सांगणारा माणूस गेला होता. मागच्या हिवाळ्यात ते नागपूरलाच वारले.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत बसले. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 2018 साली एक आढावा छापला होता. एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाण्याचा आणि मृत्यूच्या प्रमाणाचा काही संबंध आहे का, हे तपासणारे 22 अभ्यास त्यांनी गोळा केले, नऊ देशांतले. त्यातल्या 18 अभ्यासांत सातत्य जास्त तिथे मृत्यू कमी आढळले. नॉर्वेत तर 2001 पासून प्रत्येक नागरिकाला स्वतःचा ठरलेला डॉक्टर आहे. तिथल्या संशोधकांनी लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण आणि मृत्यूचं प्रमाण, दोन्ही सुमारे पावपट कमी होतं. तुलना होती डॉक्टर बदलून एकच वर्ष झालेल्यांशी. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम सरळ सिद्ध होत नाही, हे मला समजतं. तरी वर्षं वाढत जातात तसा फायदा वाढत जातो, हे वाचताना मला लाल पुठ्ठ्याची वही दिसत होती.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यात बसला. नॉर्वेत एका डॉक्टरच्या यादीत साधारण हजार-अकराशे माणसं असतात. आपल्याकडे मैदानी भागात प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 लोकांमागे एक, आदिवासी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्र 5,000 मागे. या केंद्रांची कल्पना मांडणारा भोर समितीचा अहवाल 1946 चा, तेव्हापासून आपण इमारती बांधत आलो आणि त्या हव्याच होत्या. पण तीस हजार माणसांची ओळख कोणता डॉक्टर ठेवणार? हजार माणसांमागे एक असं आपल्याकडे कोण आहे, तर आशाताई. म्हणजे नॉर्वेच्या डॉक्टरला जेवढ्या माणसांना ओळखायचं असतं, तेवढ्याच माणसांना आमची आशाताई खरोखर ओळखते. फक्त तिला चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नाही आणि कायमचा पगारही नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला आहे.

मामाजींना दवाखान्यात न्यायला हवं हे सगळ्यात आधी तिलाच समजलं होतं. मला रस्त्यात गाठून म्हणाली, "मॅडम, बाबाजीनं दोन दिवस झाले, मले हाक नाही मारली. ओट्यावर बसून होते, मी समोरून गेली, पण हाक नाही." ती रोज आमच्या घरावरून जाते आणि मामाजी रोज तिला थांबवून कोणाकडे पाळणा हलला ते विचारतात. या नजरेसाठी तिला कोणत्याही खात्यातून एक रुपया मिळत नाही. लसीकरणाचा मिळतो, बाळंतपणाचा मिळतो, सर्वेक्षणाचा मिळतो. म्हातारा माणूस गप्प झाला हे लक्षात आल्याचा रकाना तिच्या फॉर्मवर नाही.

आरोग्य केंद्रात डॉक्टर येत नाहीत असंही आता म्हणता येणार नाही. येतात, आणि चांगले येतात. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलांना बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष द्यावं लागतं, ती मुलं येतात. पहिले तीन महिने त्यांना आमची भाषा कळत नाही. पोटात मुरडा, अंगात कणकण, डोक्यात भणभण, हातापायाची लाहीलाही, याचा अर्थ लावता लावता दिवाळी येते. मग ती रुळतात, बाया त्यांच्याशी बोलायला लागतात, आणि तेवढ्यात वर्ष भरतं. पुढच्या परीक्षेचा अभ्यास त्यांना करायचा असतो, आणि त्यांनी तो करावाच. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने आयुष्यभर आमच्या गावी राहावं अशी अपेक्षा करण्याचा हक्क आम्हाला नाही. पण त्या वर्षात त्याने जे ओळखलं ते त्याच्या बॅगेतून निघून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. दर वर्षी कोरी पाटी. दर वर्षी मामाजी पुन्हा पहिल्यापासून सांगतात की त्यांना कोणतं इंजेक्शन सोसत नाही.

सेवाग्रामच्या रुग्णालयाने आसपासच्या गावांतून सुगीत ज्वारी गोळा करून आरोग्य विमा चालवला होता, ही गोष्ट आमच्या भागातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. ज्वारीतून रुग्णालयाचा सगळा खर्च निघत नव्हता, पण पायलीभर ज्वारी दिलेला माणूस तिथे गेला की परक्यासारखा बाकावर बसत नसे. मामाजींचे एक मावसभाऊ नदीपलीकडचे. ते अजूनही त्या दवाखान्याला "आपलं" म्हणतात. मला हे आठवत होतं म्हणूनच मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत उठून उभी राहिले.

मागणी मोठी नव्हती. गावात बीपीच्या, शुगरच्या, मिरगीच्या, सिकलसेलच्या गोळ्या कायम चालू असणाऱ्यांची एक वही करावी. प्रत्येकाला एक पान. त्यावर कोणत्या डॉक्टरांनी कोणतं औषध दिलं ते गोळीच्या पाकिटावरच्या नावाने लिहायचं नाही, आत काय आहे त्या नावाने लिहायचं. म्हणजे एकाच कुळातली दोन औषधं एका घरात शिरली तर दिसतील. आणि खाली दोन ओळी, हा माणूस एरवी कसा असतो. किती चालतो, काय जेवतो, बोलतो की नाही, पायावर सूज कायमची आहे की नवीन. सरपंचांनी विचारलं, हे कोण लिहिणार? आरोग्य केंद्राचे सध्याचे डॉक्टर खुर्चीवर मागे बसले होते. ते उठून म्हणाले, औषधांचं मी लिहितो, पण खालच्या दोन ओळी मला जमणार नाहीत, त्या आशाताई सांगतील तशा लिहीन. मग मागून एक म्हातारी म्हणाली की बायांच्या गोष्टी त्या वहीत नको, ती सगळ्यांच्या हाती लागते. तिचं बरोबर होतं. त्या सिस्टरबाईंच्या कपाटात वेगळ्या राहतील असं ठरलं.

आतापर्यंत निम्म्या घरांची पानं झालीत. दर शनिवारी डॉक्टर आणि आशाताई एकेक गल्ली घेतात, आणि माझ्या आठवीच्या दोन पोरी चांगल्या अक्षरात उतरवतात. सहा घरांत एकाच कामाच्या दोन-दोन गोळ्या सापडल्या. डॉक्टरांनी स्वतः बंद केल्या नाहीत. ज्यांनी दिल्या होत्या त्यांना फोन लावून विचारलं, मग बदल केला. त्यांचं बंधपत्राचं वर्ष मार्चमध्ये संपतं. जाण्याआधी आठवडाभर नवीन डॉक्टरला सोबत घेऊन घरोघरी फिरायचं त्यांनी कबूल केलंय, पण नवीन माणूस वेळेवर रुजू झाला तरच ते होणार. म्हणून आम्ही जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आतापासूनच अर्ज दिलाय. जुना डॉक्टर जायच्या आधी नवा पाठवा, आणि तो पाडव्याच्या आत पाठवा, कारण त्यानंतर आमच्याकडे ऊन लागतं आणि अर्ध्या गोळीचा निर्णय त्यालाच घ्यायचा आहे.